वरचा कर्णा

निरगुडसर
२२ एप्रिल १९९८

चि. आरतीस,
सयाजी आजोबाचे अनेक आशीर्वाद.

तू जत्रा करून गेलीस आणि घर मोकळं मोकळं वाटायला लागलं. तुझी साळुआजी म्हणते, पोरगी दोन दिवस राहिली, पण सगळा वेळ घाटात, तुमच्या माचाणाखाली टेप धरून. तुझ्या आजोबाला, म्हणजे आमच्या धाकट्याला, सांग की नात आपल्या वळणावर न जाता माझ्या वळणावर गेली आहे.

एसटीच्या खिडकीतून तू जे ओरडून सांगितलंस त्यावर मी विचार केला. घाटाच्या खाली एक उजेडाची रेघ, वर दुसरी. बैलांनी पहिली तोडली की घड्याळ चालू, दुसरी तोडली की बंद. माणसाचं कामच नाही. कल्पना चांगली आहे बाई, पण बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट म्हणजे तुमच्या डिप्लोमाची प्रयोगशाळा नव्हे. तुझी पहिली रेघ बैलाच्या आधी एखाद्या हौशी पावण्याचं उपरणंच तोडेल.

एकवीस वर्षं मी वरच्या माचाणावर बसतो आहे. खाली गेणभाऊचा पांढरा झेंडा पडतो, त्याच्या शेजारचा माइकवाला 'सुटलीऽ' म्हणून आरोळी देतो, आणि माझा अंगठा आपोआप दाबला जातो. मी चौथी शिकलेला माणूस. पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडकं स्टॉपवॉच आणलं, सहा महिने उघडलं-जोडलं, तेव्हा ते चालू झालं. तेव्हापासून घड्याळं दुरुस्त करून पोट भरतो आणि वर्षातून एक दिवस दहा गावांचा न्याय करतो. सयाजीनं सांगितलं की झालं, असं लोक म्हणतात. एवढीच माझी इस्टेट.

यंदा मात्र चुटपुट लागून राहिली. आळ्याचा कुशाबा तुला दाखवला होता. घरची मेंढरं, सगळं आयुष्य कळपामागे गेलं, पण बैलाचा नाद असा की स्वतः अर्धपोटी राहून गुलब्याला खुराक घालेल. त्याची बारी खालून वर बारा सेकंद एक दशांशात झाली. आपल्या गावच्या सुदर्शनची अकरा नऊ. दोन दशांशांनी पहिल्या नंबरची ढाल गेली. कुशाबाने गुलब्याच्या तोंडावरून हात फिरवला, बैल टेंपोत चढवले आणि न जेवता निघून गेला. तीस वर्षांचा स्नेही न जेवता गेला, की आपल्याही घशाखाली घास उतरत नाही.

बाकी गमती झाल्याच. मध्येच माझ्या डोक्यावरचा कर्णा मुका झाला. कुणाच्या तरी बैलाने वायर तुडवली. चार बाऱ्या तशाच गेल्या, मग माइकवाल्याने येऊन गाठ मारली.

आता एक शंका. पलीकडच्या दगडखाणीत सुरुंग उडतो तेव्हा धुरळा आधी उठतो आणि दणका मागून येतो. दोन्ही एकाच वेळी निघतात ना? मग आवाज वाटेत कुठे रेंगाळतो? तुझ्या पुस्तकात असेल तर कळव.

तुझा,
सयाजी आजोबा

*

पुणे
३ मे १९९८

ती. आजोबांस,
शि. सा. नमस्कार.

आवाज रेंगाळत नाही, तोच त्याचा वेग. हवेतून तो सेकंदाला साधारण अकराशे फूट जातो. उजेडाला मात्र इतक्या अंतरासाठी वेळ लागतच नाही असं समजा. गंमत म्हणून मी आपल्या घाटाचं गणित केलं. झेंड्यापासून तुमच्या माचाणापर्यंत मी मोजलं ते चारशे फूट भरलं. म्हणजे खालची नुसती आरोळी वर पोचायला सेकंदाचे साडेतीन दशांश तरी लागतात. तुम्ही झेंडा बघून दाबता म्हणून बरं. ऐकून दाबणारा असता तर घोटाळाच!

आणि आजोबा, झेंडा पांढरा नव्हता, लाल होता. मी गेणभाऊंशेजारीच उभी होते. धुरळ्यात पांढरा उठून दिसत नाही म्हणून बदलला, असं ते म्हणाले.

आई विचारते, तिचं घड्याळ तुम्ही न उघडताच का परत पाठवलंत?

माझं उजेडाच्या रेघेचं मशीन प्रोजेक्ट म्हणून मंजूर झालं आहे. आता ते खऱ्या घाटात लावून बघायला हवं. पुढच्या चैत्रात तुमच्या माचाणावर मला कोपराभर जागा द्या.

तुमची,
आरती

*

निरगुडसर
१२ मे १९९८

चि. आरतीस आशीर्वाद.

पत्र पावलं. झेंड्याचं म्हणशील तर एकवीस वर्षांच्या सवयीने हात पांढरा लिहून गेला. तुझ्या आईच्या घड्याळाला लागणारा भाग मंचरला मिळाला नाही. मशीनचं पुढचं पुढे बघू.

एकच विचारतो, का ते विचारू नकोस. खाली माइकमध्ये बोललेलं वायरीतून वरच्या कर्ण्यात यायला किती वेळ लागतो? आणि वरचा कर्णा बंद असेल, खालचा चालू असेल, तर किती? दोन्ही आकडे वेगवेगळे लिही.

सयाजी आजोबा

*

पुणे
१८ मे १९९८

ती. आजोबांस नमस्कार.

वायरीतून वेळ लागत नाही. बोललं त्या क्षणी तुमच्या डोक्यावर. वरचा कर्णा बंद असेल तर आवाज हवेतूनच येणार, म्हणजे साडेतीन दशांश. घ्या दोन्ही आकडे.

आता मी स्पष्ट लिहिते. तुम्ही गुपचूप स्वतःचं मशीन करताय ना? आवाजावर चालणारं? माइक, कर्णा, वायर, सगळी चौकशी त्यासाठीच. माझी कल्पना हसण्यावारी नेलीत आणि आता मला कोपराभर जागाही नाही. लहानपणी तुम्हीच मला गजराच्या घड्याळाचं पोट उघडून दाखवलं होतंत, म्हणून तर मी या वाटेला लागले. करा मशीन, पण सांगून करा.

आरती

*

निरगुडसर
२ जून १९९८

चि. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून साळुआजी हसली आणि मग पदराने डोळे पुसत बसली. आता लपवण्यात अर्थ नाही. सांगतो.

मी कसलंही मशीन करत नाही. मला झेंडाच दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. समोरचा माणूस बोलला की ओळखतो. घड्याळाच्या आतली केसाएवढी कमान आता माझ्यासाठी धुकं आहे, म्हणून तुझ्या आईचं घड्याळ न उघडता परत पाठवलं. हे तीन वर्षं चाललं आहे. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन कर. मी म्हणतो, डोळा गेला तर आहे तेही जाईल. खरं कारण वेगळंच आहे. ऑपरेशन केलं तर गावाला कळेल की सयाजीला दिसत नव्हतं.

तर या तीन जत्रा मी 'सुटलीऽ' ऐकून घड्याळ दाबत आलो. कर्णा डोक्यावर, आवाज चोख. बंद करताना बैल माचाणाखालीच असतात, तेवढं दिसतं, आणि काटा डोळ्याशी धरून वाचता येतो. मला वाटायचं, कान काय नि डोळा काय, अंगठा तर माझाच आहे. खरंही होतं ते. सगळ्यांना एकच माप लागत होतं.

पण यंदा वरचा कर्णा मुका झाला त्या चार बाऱ्या मी खालच्या कर्ण्याच्या आवाजावर लावल्या. तुझं तीन तारखेचं पत्र साळुआजीने वाचून दाखवलं तेव्हा मी जेवत होतो. ताट बाजूला सारलं आणि वही काढायला लावली. माझं घड्याळ त्या चौघांसाठी साडेतीन दशांश उशिरा सुरू झालं, म्हणजे तेवढे दशांश त्यांना फुकट मिळाले. माझ्या वहीत बाऱ्या ओळीने आहेत. त्या चारांतली तिसरी सुदर्शनची. अकरा नऊ नव्हे, बारा सेकंद दोन दशांशांच्या वरच. कुशाबाची बारी कर्णा चालू असताना झाली. बारा एक. ढाल कुशाबाची होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी गप्प बसलो असतो. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, वीस दिवस गप्प बसलोच होतो. पण काल आळेफाट्याहून आलेल्या माणसाने सांगितलं की कुशाबा गुलब्याला पंधरा तारखेच्या बाजारात नेतो आहे. म्हणतो, बैल उतरणीला लागला, घड्याळ खोटं बोलत नाही. अगं, त्याने घरच्या वासराचा बैल केला आहे, लेकरासारखा. तो माझ्या अंगठ्याचं ऐकून त्याला विकणार.

मी जाऊन सांगणार आहे.

सयाजी आजोबा

*

पुणे
६ जून १९९८

ती. आजोबांस,

माझं मागचं पत्र फाडून टाका. मला लाज वाटते.

पण आजोबा, थोडं थांबा. तुम्ही बोललात तर लोक साडेतीन दशांश ऐकणार नाहीत. आंधळा माचाणावर बसत होता एवढंच ऐकतील, आणि एकवीस वर्षं पाण्यात. कुशाबांना बैल विकू नका म्हणून सांगायला दुसरंही कारण चालेल. घड्याळ बिघडलं होतं म्हणा. जुनंच आहे ते, कुणाला शंका येणार नाही. पुढच्या वर्षी माझं मशीन लागलं की हा प्रश्नच उरणार नाही.

आई म्हणते, तुम्ही ऐकणार नाही. म्हणून आपल्या बाजूच्या एका कंडक्टरबरोबर माझं मनगटी घड्याळ पाठवते आहे. त्यात डाव्या बाजूचं बटण दाबलं की स्टॉपवॉच चालू होतं. जायचंच असेल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. दोन घड्याळं असली की दाखवता येईल.

आरती

*

निरगुडसर
१७ जून १९९८

चि. आरतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घड्याळ पोचलं. मात्र तुझ्या सल्ल्याची अर्धी बाजू मी पाळली नाही. माझं स्टॉपवॉच कधीच चुकलेलं नाही. ज्याने मला भाकरी दिली त्याच्या गळ्यात माझं पाप बांधू? तेवढं मला जमलं नाही.

शनिवारी आळ्याला गेलो. साळुआजी बरोबर होती, एसटीची पाटी वाचायला. कुशाबा मेंढरांना पाणी दाखवत होता. मला बघून बाजेवर घोंगडी टाकली, चहा सांगितला, पण मी चहाच्या आधी बोलून घेतलं. एका दमात सगळं सांगितलं. तो बाजेवरून उठला. मग म्हणाला,

"तुला दिसत न्हाई, आन् तू तिथं बसला?"

"बसलो."

"किती सालं?"

"तीन."

त्याने गुलब्याकडे बघितलं. कासऱ्याला नवा गोंडा लावलेला होता, असं साळुआजीने मागून सांगितलं. विकायच्या बैलाला लावतात तसा. मग कुशाबा म्हणाला, "सयाजी, तू घाटात बोलला व्हतास. फिरवायचं तर घाटातच फिरव. माज्या अंगणात फिरवून मला काय उपेग?"

चहा त्याने पाजला. स्वतः मात्र घेतला नाही.

त्याचं बरोबर होतं. आपल्याकडची रीतच तशी, घाटात पुकारलेला आकडा घाटाबाहेर बदलत नाही. रविवारी सकाळी मी पंच जानकूला सांगून माणसं घाटात बोलावली. साठेक आली. मी माचाणावर चढलो नाही, खालीच उभा राहिलो आणि तुला लिहिलं तेच सगळ्यांना सांगितलं. मग मागून एकजण म्हणाला, आता कळलं आमचा खोंड दर साली तिसरा का येतो. लोक हसले. मी हसू दिलं, माझ्याच वाट्याचं होतं ते.

सुदर्शन मात्र हसला नाही. ढाल त्याच्या ओसरीवर टांगलेली, पोराला पहिल्यांदाच मिळालेली. तो पुढे आला आणि म्हणाला, "तात्या, तुमच्या आजच्या बोलण्यावर तरी इस्वास का ठेवायचा? तवा बी ठामच बोलला व्हता की."

आरती, साठ माणसांत तेवढा एकच प्रश्न खरा होता. मी त्याला म्हटलं, माझ्यावर ठेवू नकोस, स्वतःच्या अंगठ्यावर ठेव. तुझं घड्याळ त्याच्या हातात दिलं. माझं जानकूच्या. दोघांना माचाणावर चढवलं, मागून मीही चढलो. जानकूने झेंड्याकडे बघायचं, सुदर्शनने झेंड्याला पाठ करायची. कर्णा नव्हताच. खाली गेणभाऊने झेंडा पाडला की माइकवाल्याने नुसत्या तोंडाने आरोळी द्यायची. बंद करताना मी दोघांच्या पाठीवर एकदम थाप मारायची.

पहिल्यांदा चार दशांशांचा फरक आला. दुसऱ्यांदा तीन. सुदर्शन म्हणाला, आता मी बघतो, जानकूआबा पाठ करतील. पुन्हा चार, पाठ केलेल्याचंच घड्याळ मागे. त्याने आणखी दोनदा करून बघितलं. मग घड्याळ माझ्या हातावर ठेवलं आणि माचाणावरून उतरून घरी गेला.

मग मीही उतरलो, दोन पावलं पुढे झालो आणि निकाल फिरवून पुकारला. कुशाबा, आळे, पहिला. माझा आवाज फुटका निघाला, पण निघाला. बाकीच्या तीन बाऱ्या फार मागच्या होत्या, त्यांनी काही बदलत नव्हतं. मागच्या दोन सालांत कर्णा कधी बंद पडला नव्हता, तेही माइकवाल्याने सांगितलं. शेवटी स्टॉपवॉच जानकूच्या हवाली केलं. त्याने ते घेतलं. देऊ नका तात्या, असं कुणी म्हटलं नाही. म्हणायला नको होतंच.

कुशाबा आला होता का, हे मला दिसलं नाही. कुणाला विचारायचा धीरही झाला नाही. सोमवारी गुलब्या बाजारात दिसला नाही, एवढं कळलं. ढाल अजून सुदर्शनच्याच ओसरीवर आहे. असू दे. पोराला आठ दिवस लागतील.

तुझं घड्याळ कंडक्टरकडे परत देतो आहे.

सयाजी आजोबा

*

आळे
९ सप्टेंबर १९९८

सयाजी भाऊस कुशाबाचा राम राम.

माजी नात राजनंदिनी लिवतीया, मी सांगतोय. त्या दिशी मी घाटात व्हतो. बाभळीखाली उभा व्हतो. सगळं ऐकलं. तुज्याजवळ आलो न्हाई, कारन मला राग बी आल्ता आन् रडू बी, आन् दोनी एकदम घिऊन मान्सात जाता येत न्हाई.

सुदर्शन मागल्या महिन्यात ढाल घिऊन आला. दारात ठिवली, पानी बी न पिता निगाला. मी म्हनलं, बस रं. मग बसला. गुलब्याला हात लावला. जेवून गेला. पोरगं वंगाळ न्हाई.

आता तुजं. जानकू सांगत व्हता, तू घड्याळ दिलंस आन् घरात बसलास. डोळं बी उघडून घेत न्हाईस, म्हनतोस आता कशाला. लई शाना हाईस. मान जाईल म्हनून डोळं झाकून ठिवलं व्हतंस ना? मान गेली. आता कशापायी झाकतोस?

तुजी नात मशीन लावनार म्हनं. लावू दे. मशीन आकडा दावंल. पर चुकलं तर ते येस्टीत बसून आळ्याला सांगाया यील का? म्हनून माजं एकच सांगनं. चैत्रात माचाणावर मशीन बी पायजे आन् मशीनीजवळ तू बी. तू नसलास तर माजा गाडा जुपत न्हाई. आन् डोळं नसतील तर तू नकोसच.

गुलब्या बरा हाय. मेंढरं बरी हायेत. वहिनीला राम राम.

कुशाबा

*

निरगुडसर
१० जानेवारी १९९९

चि. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहिताना ओळी सरळ जाताहेत हे मला दिसतं आहे. दिवाळीनंतर उजवा डोळा केला, डावा येत्या उन्हाळ्यात करायचा. डॉक्टरने आत भिंग बसवलं. साळुआजी म्हणते, वीस-बावीस वर्षं भिंग डोळ्याला लावत होतात, आता एकदाचं आतच गेलं, हरवायची भीती नाही. घरात माझ्यामागे किती जळमटं होती तेही कळलं. ते बोलून दाखवलं आणि दोन वेळचं जेवण अबोल्यात झालं.

तुझ्या आईचं घड्याळ पुन्हा पाठवून दे. त्यात काय आहे ते बघू.

काल सकाळी गेणभाऊला घाटात घेऊन गेलो. त्याला खाली उभं केलं, मी माचाणावर चढलो, आणि तोंडातून चकार शब्द न काढता झेंडा पाडायला सांगितलं. पडला. लाल, वाळत घातलेल्या मिरचीसारखा लाल. चारशे फुटांवरून दिसला. गेणभाऊला विचारलं, हा लाल कधी केलास? तो म्हणाला, शहाण्णव साली, तात्या, तुमच्यासमोरच तर बांधला.

वीस वेळा पाडायला लावला. अंगठा जड झाला आहे, पण तीन महिने आहेत. रोज सकाळी जायचं ठरवलं आहे. गेणभाऊ कुरकुरतो, चहाच्या बोलीवर येतो.

तू चैत्रात मशीन घेऊन ये. खालच्या रेघेला कुंपण मी करून ठेवतो, म्हणजे कुणाचं उपरणं आडवं येणार नाही. तुझा आकडा आणि माझा आकडा दोन्ही पुकारायचे. जुळले नाहीत तर तिथेच, सगळ्यांसमोर, का जुळले नाहीत ते शोधायचं. जानकू म्हणाला, त्याने जत्रा लांबेल. लांबू दे म्हटलं. स्टॉपवॉच त्याने काल परत आणून दिलं. किल्ली देऊन ठेवलेली होती.

कोपराभर जागा मागितली होतीस. अर्धं माचाण तुझं. आणि डोक्यावर वायर लोंबेल म्हणून काळजी करू नकोस. वरचा कर्णा मी काढून टाकायला सांगितला आहे.

तुझा,
सयाजी आजोबा